जर्मनचे घोडे आणि आमची सावकारीण

परवा नातू आपली नवी गाडी घेऊन हुरड्याला आला आणि गाडी रानाच्या वाटेवर रुतून बसली. शेजाऱ्याने ज्वारीला सोडलेलं पाणी वाटेवर आलं होतं. चाकं जागच्या जागी फिरत होती, काळा चिखल उडत होता आणि नातवाचा पांढरा सदरा बघता बघता ठिपक्याठिपक्यांचा झाला. ट्रॅक्टर आणायला माणूस धाडला आणि आम्ही सगळे आगटीपाशी जाऊन बसलो. कणसं भाजत होती, ओल्या ज्वारीचा गोडूस वास सुटला होता. नातसून म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी बरं होतं. चिखलात गाडी रुतायची भानगडच नव्हती."

मी हसले. आमच्या वेळी अख्खी जर्मन फौज चिखलात रुतली होती आणि ती रुतली होती आमच्या ओट्यावर. पण हे हुरडा खाता खाता सांगायचं कसं? तोंडात दाणे आणि पोटात हसू, दोन्ही एकदम सांभाळण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईतली ती सुगी. मी नुकती लग्न होऊन आलेली. माहेर सोलापूर, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. सासर नळदुर्गाच्या अलीकडचं एक खेडं, म्हणजे निजामाचं राज्य. आमच्या गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या होत्या, "एवढी चांगली पोर आणि मोगलाईत दिलीत?" जणू मी हत्तीवरून दिल्लीला निघाले होते. प्रत्यक्षात निघाले ती सावकारणीवरून.

सावकारीण म्हणजे माझ्या सासऱ्यांची घोडी. सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणे, म्हणून मीही आप्पाच म्हणे. आप्पांचा धंदा फेरीचा. खण, लुगडी, सुया, दोरे, कुंकू, जे म्हणून बाईमाणसाला लागतं ते सगळं घोडीच्या पाठीवर दोन बाजूंना लादायचं आणि आठवड्याचे बाजार करत हिंडायचं. घोडी लालसर, बुटकी, पोटाने सुखी. वाटेतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं दार तिला पाठ होतं. ती आपण होऊन दारापुढे उभी राहायची आणि आप्पांच्या गप्पा साधारण जितका वेळ चालायच्या तितका वेळ हलायची नाही. आप्पा बरोबर नसले तरी नाही. दटावा, ओढा, विनवण्या करा, ती आपली डोळे मिटून वसुलीला बसल्यासारखी उभी. म्हणून सावकारीण.

आता आमची वरात निघाली ती हिच्यावरून. पुढे हे, मागे मी, दोघांच्या मध्ये गाठ, आणि पहिल्या चार पावलांत घोडी थांबली. ते कासाराचं घर. कासारीण बाहेर आली, सवयीने म्हणाली, "आप्पा, हिरवा खण आणलाव का?" वर बघते तर नवरा-नवरी! वाजंत्री पुढे निघून गेली होती, ती परत आणली. घोडी निघाली आणि पुढच्या दाराशी थांबली. असं करत करत अख्खं गाव. ऊन असताना निघालेली वरात दिवेलागण झाली तरी मारुतीच्या देवळापर्यंत पोचली नव्हती. मला मात्र मजा आली. पदराआडून का होईना, पहिल्याच दिवशी गावातली सगळी दारं आणि दारांतल्या सगळ्या बायका बघून झाल्या. यांचे कान मात्र मागून लालभडक दिसत होते. त्या दिवशी यांनी मनाशी ठरवलं, की आयुष्यात काही झालं तरी मोटार घ्यायची.

योग असा की नळदुर्गाला एका मालमोटारीच्या मालकाला भागीदार हवा होता. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागे न्हाणीतल्या बंबासारखा एक बंब बसवला होता. त्यात कोळसे घालायचे, हवा मारायची, की त्या धुरावर मोटार चाले. हे ती मोटार बघून आले, ते काळे होऊन आणि प्रेमात पडूनच. भागीदारीच्या पैशांसाठी घोडी विकायची, असं यांचं म्हणणं. रोज जेवताना तोच विषय.

"आप्पा, जग कुठं चाललंय! जर्मनाकडं बघा. समदी फौज मोटारीवर. घोडं म्हनून औषधाला न्हाय."

"जर्मनाला बाजार करायचेत का रं?" आप्पा विचारत. "जर्मनाला गिऱ्हाईक कुठंय?"

पण जर्मन म्हटलं की आप्पांचा आवाज आपोआप खाली यायचा. त्याला कारण होतं. आमच्याकडे अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. जर्मनची परात, जर्मनचा डबा. पडलं तर पोचा येतो, पण फुटत नाही. ज्या लोकांच्या नावाचं भांडं इतकं टिकतं ते लोक लढाई काय उगीच करत असतील? सगळ्या गावाचं तसंच मत होतं. सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, या वादाचा वीट आला होता. अव्वा रागावायच्या कन्नडमधून आणि राग ओसरला की मराठीत यायच्या. त्या महिन्यात त्या मराठीत फारशा आल्याच नाहीत.

शेवटी आप्पांनी एक दिवस ताट सारलं आणि म्हणाले, "खंडोबाच्या जत्रंत इकतो. झालं? आता तरी घास गिळू द्या." आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. पौषातल्या पुनवेला नळदुर्गची जत्रा, आणि मार्गशीर्ष सरत आला होता. त्या दिवसापासून आप्पा बाजाराहून येताना मुद्दाम लांबच्या वाटेने यायला लागले.

अशात महालिंगभावजी आले. आप्पांच्या बहिणीचा मुलगा. सोलापुरात जाऊन इंग्रजांच्या फौजेत शिरलेला, तिकडे इटलीत खेचरांच्या तुकडीत होता. पायाला गोळी चाटून गेली म्हणून सुट्टीवर आलेला. फौजी कोट आणि किंचित लंगडणं, या दोन गोष्टींमुळे गावात त्यांना फार मान मिळत होता. संध्याकाळच्या उन्हात सगळे ओट्यावर जमले. रानातून हुरडा आला होता. मी आत दाराशी चटणी वाटत होते, पण वरवंटा अगदी हळू चालवत होते.

यांनी विषय काढला. "म्हालिंगा, जर्मनाच्या मोटारी कशा असत्यात, सांग जरा आप्पास्नी."

"मोटारी?" भावजींनी हुरड्याचा बोकणा भरला. "हायत की. त्या निस्त्या म्होरं, आन् चिखुल झाला की त्याबी रुतत्यात. मागं समदी घोडीच."

"म्हंजे?"

"म्हंजे घोडी! दादा, दाणागोटा घोड्यावर, दारूगोळा घोड्यावर, तोफा वढायला घोडी. भाकरी भाजायची भट्टी असती, चाकावरची, तिलाबी घोडीच. लाखांनी घोडी हायत. फोटू काढताना मोटारी म्होरं उभ्या करत्यात, तेवढं आपुन बघतो."

कुणाचा तरी हुरडा हातातच राहिला. आप्पांनी मांडी बदलली, गळ्यातलं इष्टलिंग नीट केलं आणि म्हणाले, "पुन्यांदा सांग."

भावजींनी पुन्हा सांगितलं. मग आप्पांनी चौकशी सुरू केली. खोगीर कसलं? नाल कोण मारतं? चंदी काय घालतात? जवासारखं काहीतरी घालतात, हे कळल्यावर आप्पा नाराज झाले. हरभऱ्याची भरड द्यायला हवी, थंडीचा मुलूख आहे. आप्पा इतक्या आपुलकीने बोलत होते, की जर्मनच्या फौजेने त्यांना सल्ल्याला बोलावलं आहे असं वाटावं. हे मात्र उठून विनाकारण आडावर गेले.

पुढच्या आठ दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या बाजारांत बातमी पोचली, की जर्मनची भाकरी घोडं ओढतं. आप्पा प्रत्येक दारात थांबून सांगायचे आणि सावकारीण थांबतच होती, त्यामुळे कुणी सुटलं नाही. तंबाखूवाल्याने तर आप्पांचं अभिनंदन केलं. रोज दावणीला बांधताना आप्पा तिच्या मानेवर थाप मारून म्हणायचे, "बग, तुजे भाऊबंद कुटवर गेल्यात." आता विकायचं कशाला, असं आप्पा बोलत नव्हते, पण कुणीतरी बोलावं म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे. मी आतून देव पाण्यात घालून बसले होते. या गावात माझी पहिली ओळख तिच्याशी झालेली.

आणि एका दुपारी जेवताना यांनी डाव टाकला. "म्हालिंगा, सध्याला लढाईत कोन हरतंय?"

"जर्मन."

"आन् अमेरिकेवाल्याकडं घोडी किती?"

भावजी घुटमळले. मामांकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. "न्हाईत. त्येंची मोटारीमागं मोटार. रस्ता दिसत न्हाय."

"झालं तर," हे म्हणाले. "घोडी हायत म्हनूनच हरतोय."

एवढा मोठा विजय आप्पांनी गावोगाव सांगून ठेवला होता, आणि तो असा आमटीत पडला. मला हसूही येईना, रडूही येईना. आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग त्यांनी जे विचारलं ते आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. "हरलेल्या मानसाच्या घोड्यांचं काय हुतं रं?"

भावजी म्हणाले, जर्मन मागे हटला की घोडी तशीच टाकून जातो. काही रस्त्याने हिंडतात, काही तिथले उपाशी लोक कापून खातात. अव्वांनी "शिव शिव" म्हणत पदर तोंडाला लावला. आणि एक पांढरं होतं, भावजी सांगत राहिले. मोडक्या गाडीला जुंपलेलं. पट्टे तोडून मोकळं केलं तरी गाडीपासून हलेना. पावसात उभं. "दुसऱ्या दिशी गेलो, तरी हुबं. कुनीतरी येईल आन् चल म्हनंल, म्हनून हुबं."

आप्पा हात धुऊन उठले आणि गोठ्यात गेले. त्यानंतर त्यांनी जर्मनचं नाव काढलं नाही.

जत्रेला आप्पा सावकारणीबरोबर पायी गेले आणि आम्ही बैलगाडीतून. म्हाळसा ही वाण्याची लेक आणि आम्हीही लिंगायत वाणी, म्हणून खंडोबा आमचा जावई लागतो. जावयाशी मोकळं बोलायला हरकत नसते. भंडारा उधळून झाल्यावर आप्पा देवाला मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, तुमी बसलाव घोड्यावर आन् सासऱ्याला लावलंव पायी. करा मजा." बाजूचे लोक हसले. आप्पा हसले नाहीत.

घोडी घेतली ती आमच्याच भागातल्या गिरदावरसाहेबांनी, म्हणजे निजामाच्या महसूल अधिकाऱ्यांनी. निजामाने तेव्हा लेव्ही बसवली होती. ज्याच्या रानात ज्वारी पिकली त्याने सरकारचा वाटा मोजून घालायचा. साहेबांना त्यासाठी गावोगाव फिरायचं होतं, आणि गरीब स्वभावाची घोडी हवी होती. आप्पांनी प्रामाणिकपणे खोड सांगायचा प्रयत्न केला. "साहेब, ही दारादारांत थांबती." साहेब अत्तर लावलेला हात हलवून म्हणाले, "ठीक है, ठीक है, हम भी ठहरते हैं."

मग यांची मोटार सुरू झाली. यांचा आनंद बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! मोटार वेळेवर पोचायची, यात खोट काढायला जागा नव्हती. आप्पा गाठोडी घेऊन बंबाशेजारी बसायचे. वाटेतल्या दारांत बायका उभ्या असायच्या, मोटार थांबायची नाही, आप्पा नुसता हात वर करायचे. घरी यायचे ते काजळी फासलेल्या तोंडाने. सकाळी उठून सवयीने पाण्याची बादली भरायचे, रिकाम्या दावणीपर्यंत न्यायचे आणि तुळशीला ओतून परत यायचे. त्या वर्षी आमच्या तुळशीला फार पाणी झालं.

फाल्गुन आला. खळी झाली, ज्वारी घरात आली, आणि लेव्हीच्या भीतीने थोडी थोडी जमिनीखालच्या पेवांत उतरली. वरून माती, मातीवर कडबा, कडब्यावर एखादी म्हातारी उन्हाला शेकत बसलेली. अशा दिवसांत सावकारणीवर बसून गिरदावरसाहेब गावात आले. मागे दोन शिपाई.

घोडी कासाराच्या दारात थांबली.

साहेबांनी टाच मारली, लगाम ओढला. घोडीने डोळे मिटले. आत कासाराचे प्राण कंठाशी. साहेब आपल्याच दारात का थांबले? कुणी चुगली केली? एवढा वेळ हलत का नाहीत? शेवटी कासार हात जोडून बाहेर आला. "साहेब, पेवातली काढतो. पोरांबाळांसाठी ठिवली हुती." साहेब घोडीशी झगडत होते, त्यांना पेवाचा पत्ताच नव्हता. पण ते अनुभवी होते. त्यांनी चेहरा कडक केला. शिपाई आत गेले.

मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. गावात एकच बोभाटा झाला, की साहेबांना सगळं ठाऊक आहे, ते बरोबर दारं हेरून थांबतायत. पहिली पाचसहा घरं साहेबांना फार आवडली. पुढे मात्र ऊन चढलं. घोडी एकेका दारात आप्पांच्या गप्पांइतकी थांबायची, आणि आप्पा गप्पांना कमी नव्हते. त्यातून गावातल्या एका आंधळ्या म्हातारीने घोडीचा वास ओळखला. काठी टेकत आली, साहेबांचा पाय चाचपला आणि म्हणाली, "आप्पा, लई दिसांनी आलाव. माझा काळा दोरा कुठंय?"

शिपाई तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळले. साहेबांनी घोडीला सपकन चाबूक मारला. सावकारणीने आयुष्यात चाबूक खाल्ला नव्हता. ती उधळली म्हणत नाही मी, पण जरा घाईने चालत, साहेबांसकट सरळ आमच्या अंगणात शिरली आणि रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली.

आप्पा ओट्यावर लुगड्यांच्या घड्या घालत होते. ते उठले, दोन पावलं आले आणि मध्येच थांबले. घोडी आता परक्याची. साहेब वरून ओरडले, "अरे मियाँ, ये घोड़ी है के कपड़े की दुकान? बुढ़िया हमसे धागा माँगती है!"

"साहेब, म्या सांगितलं हुतं," आप्पा म्हणाले. त्यांचा हात घोडीच्या मानेपाशी गेला, पण टेकला नाही. तो टेकत नव्हता, ते मी दारातून बघत होते. हेही बघत होते, मोटारीचा बंब साफ करता करता. तोंडभर काजळी, त्यात फक्त डोळे दिसत होते.

हे पुढे आले. "साहेब, उतरा. घोडी ऱ्हाऊ द्या हितंच. तिच्या बदल्यात तुमच्या दौऱ्याला माजी मोटार घ्या. पुढल्या सुगीपातुर. कुटंबी न्या. मोटार दारात थांबत न्हाय, म्या सांगल तितंच थांबती."

साहेबांनी मोटारीकडे बघितलं, आपल्या मळलेल्या शेरवानीकडे बघितलं आणि उतरले. मोटारीतून येणारा गिरदावर आमच्या भागात दुसरा नव्हता. त्यांना ते शोभणारच होतं.

आप्पांचा हात टेकला. संध्याकाळी यांनी घोडीपुढे कडब्याची पेंढी टाकली. वरातीनंतर पहिल्यांदाच ते तिच्याजवळ गेले असतील. पेंढी टाकताना म्हणाले, "जर्मन कुटली!"

मोटारीतून लेव्हीचा दौरा झोकात सुरू झाला. फरक एवढाच पडला, की बंबाचा घरघराट गावाला शीव ओलांडायच्या आधीच ऐकू यायचा. साहेब उतरेपर्यंत घरोघर कडबा नीट पसरलेला असायचा आणि म्हाताऱ्या शेकत बसलेल्या असायच्या. गावाने यांच्या मोटारीला इतके आशीर्वाद दिले, की साहेबांना आपण लोकप्रिय झालो आहोत असं वाटायला लागलं.

परवा ट्रॅक्टर आला, गाडी निघाली. घरी येताना मी नातवाला वाटेत चार ठिकाणी थांबवलं. इथे हुरडा द्यायचा, तिथे नुसतंच विचारायचं. पाचव्या दाराशी तो म्हणाला, "आजी, अजून किती?" मी डोळे मिटून बसून राहिले.

आणि गुळाचं सांगायचं राहिलंच. महालिंगभावजी परत निघाले, तेव्हा आप्पांनी गुळाची एक ढेप फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिली. अव्वा म्हणाल्या, एवढा गूळ कशाला? आप्पा म्हणाले, "त्या पांढऱ्याला. माझं जनावर घरला आलं. त्याच्याकडं कोन आलंय?" भावजी इटलीला जाणारच नव्हते, त्यांची नेमणूक उत्तरेकडच्या कुठल्यातरी छावणीत होती. तरी त्यांनी ढेप कपाळाला लावून पिशवीत घातली.

लढाई संपल्यावर आले, तेव्हा आप्पांनी पाणीही प्यायच्या आधी विचारलं, "दिलास?"

"दिला, मामा."

"हातावरनं खाल्ला का भुईवरचा?"

"हातावरनं."

"मग हलला का तितनं?"

भावजींनी पिशवी खाली ठेवली. नंतर आत येऊन त्यांनी मला सांगितलं, "वैनी, छावनीत एक म्हातारं खेचर हुतं, त्यालाच घातला सगळा. मामास्नी बोलू नका." मी आजवर बोलले नाही. पण तेव्हा ओट्यावर ते मामांच्या डोळ्यांत बघून म्हणाले होते, "हलला, मामा. म्या चल म्हनलं, तसा निघाला."

आप्पांनी मान हलवली, आणि सावकारणीला पाणी दाखवायला गेले.